ओठांवरची मराठी

११ मार्च
लाइन गुजरातला चालली. नाशिकचा, अंबडमधला प्लांट राहणार, फक्त यांची लाइन उचलून नेणार. संदीपने हे जेवताना सांगितलं, वरण वाढ म्हणावं तशा आवाजात. जूनपासून. यायचं नसेल त्याने राजीनामा द्यायचा. सोळा वर्षं त्याच लाइनवर काढली आहेत, दुसरीकडे कोण विचारणार.
तव्यावरची भाकरी करपली. गार्गीला आधी वास आला, मग तिने आमची तोंडं बघितली. "काय झालं?" आम्ही दोघं एकदम म्हणालो, काही नाही. दोघं एकदम बोललो की तिला एकाचंही कळत नाही. पण हे दोन शब्द तिला पाठ आहेत.

१२ मार्च
ही वही सं.च्या कंपनीची, कुठल्यातरी जुन्या वर्षाची. छापलेले वार चुकीचे आहेत, तारखा माझ्या मी घालते. समोर अहो-जाहो, वहीत सं. एवढी चैन मला आहे.

१४ मार्च
नवा प्लांट अहमदाबादच्या पलीकडे, तासाभरावरच्या तालुक्याच्या गावाजवळ. बाकीचे सगळे त्या गावातच घरं बघताहेत, कंपनीची बस तिथूनच आहे. अहमदाबादला राहिलं तर पहिल्या पाळीला याला पहाटे चारला घर सोडावं लागेल. तिसरं माझ्या डोक्यातलं: बडोदा. तिथे मराठी माणसं आहेत. सं. म्हणाला, "बडोद्याहून रोज जमणार नाही, शनिवारचा शनिवार येईन." मी म्हटलं, "चालेल." त्याला लागलं ते. लागू दे.
माझी अट एकच. गार्गी नऊ वर्षांची. डाव्या कानाने काही नाही, उजव्यात मशीन. मशीनने आवाज येतो, शब्द येत नाहीत. शब्द ती ओठांवरून घेते. बाळ आणि माळ ओठांवर हुबेहूब सारखे दिसतात. कोणता ते तिला आजूबाजूच्या शब्दांवरून ठरवावं लागतं, आणि ते आजूबाजूचे शब्द तिच्याकडे फक्त मराठीत आहेत. तेही समोरून, उजेडात, आणि बिनमिशीच्या माणसाचे. सं.ची मिशी तिच्यासाठीच गेली, ती तीन वर्षांची असताना. आज कधी नव्हे ते त्याची आठवण झाली आणि चालेल म्हटल्याचं वाईट वाटलं.

१९ मार्च
शिल्पा मॅडमकडे गेले. पाच वर्षं गार्गीला बोलायला शिकवलं या बाईंनी. म्हणाल्या, "गुजराती तिला पहिल्यापासून बघायला लागेल, वैशालीताई. हिंदीचंही तेच. हाताच्या खुणा शिकलेली असती तर सोपं होतं, त्या तिकडेही चालतात."
हात खाली, ओठ बघ, हा नियम कोणाचा? या बाईंचाच. मी तो घरात कायद्यासारखा चालवला. चार वर्षांची पोर अंगठा तोंडाकडे नेऊन पाणी मागायची आणि मी ग्लास हातात धरून उभी राहायचे. म्हण आधी, पाणी. म्हण. रडायची. मग कधीतरी म्हणायची आणि मी सगळ्या बिल्डिंगला सांगत सुटायचे.
"आता काळ बदललाय," म्हणाल्या. वा. काळ बदलला, मॅडम बदलल्या. नाशिकच्या हद्दीबाहेर न चालणारी भाषा शिकवून बसले ती मी एकटी.
रिक्षात गार्गीने विचारलं, "मॅडम काय म्हणाल्या?" म्हटलं, तू छान बोलतेस म्हणाल्या.

२ एप्रिल
सायखेड्याला सासूबाईंकडे. सांगितलं. त्या बराच वेळ लसूण सोलत बसल्या. मग, "लय लांब हाय का गं ते?" मग, "पोरीला ठेव माझ्याकडं. हितल्या शाळंत जाईल."
त्यांच्या तोंडात कायम मिश्री. गार्गीला त्यांच्या ओठांवरचं अक्षर कळत नाही. तरी दोघी दुपारभर कोंबड्यांमागे. मी म्हटलं, आई, तिला तुमचं कळत नाही हो. "तिला माझं कळत नाय, मला तिचं कळत नाय. भागतंय की आमचं."
बघितलं तर म्हातारी सगळं हाताने सांगत होती. अंडं, उचल, हळू, तिकडे. गार्गी भराभरा. मी आत निघून आले. माझ्यासमोर तिचे हात आपोआप खाली जातात, ते मला बघायचं नव्हतं.

१२ एप्रिल
थोरला अथर्व येत नाहीये. यंदा दहावी, या वर्षात राज्य बदलू नका असं सगळेच सांगतात. तो पिंपळगावला माझ्या भावाकडे राहणार. त्याने स्वतःच मामाला फोन करून ठरवलं, मग मला सांगितलं. चौदा वर्षांचा आहे.
म्हटलं, गार्गीचं काय? खाली खेळताना कोण काय म्हणालं ते तिला हाच सांगतो, पहिल्यापासून. म्हणाला, "मम्मी, मी तिला काय सांगणारे तिकडे? मलाही गुजराती येत नाही."
खरं आहे. तरी मी त्याच्यावर ओरडले. आपला जीव सोडवून घेतोस म्हणाले. तो जेवला नाही. गार्गीने दोघांची तोंडं बघून आपलंही ताट सरकवलं.

२७ एप्रिल
बडोदा झालं. म्हणजे संपलं.
घर बघायला गेलो त्या काकू चार पिढ्यांपासून तिथल्या, आडनाव आपलंच, चहा आपल्यासारखा. पण बोलणं गोल गोल, प्रत्येक वाक्याला शेवटी "ने". मला सगळं कळलं. गार्गी आधी त्यांच्याकडे बघत होती, पाच मिनिटांनी फक्त माझ्याकडे. मराठीच बोलतात गं, म्हटलं मी. तिने मान हलवली. नाही.
मराठी शाळेत गेलो. पाचवीला इनमिन सहा मुलं. क्लार्क भला माणूस. म्हणाला, "ताई, पुढच्या वर्षी वर्ग राहील का, मी खोटं कसं सांगू?" सहाच्या सहा मुलं दारात आपसांत गुजरातीत भांडत होती.
परतताना सं. म्हणाला, "मग गावातच बघू. निदान तिघं एकत्र राहू." मला मराठी माणसं हवी होती, ती भेटली, आता बोलू काय.

९ मे
तालुक्याच्या गावातली इंग्लिश मीडियम शाळा. गावात दुसरी धड शाळा नाही. फोनवर आधीच मशीनचं सगळं सांगितलं होतं. प्रिन्सिपॉल मॅडम म्हणाल्या होत्या, बच्ची को लाइए, बात करके देखेंगे.
सं. बाहेर फॉर्म भरत होता. मॅडम टेबलाशी, समोर गार्गी. मला म्हणाल्या, फाइल उधर कपाट पे रख दीजिए. कपाट त्यांच्या पाठीमागे. मी फाइल ठेवली आणि वळले, तेवढ्यात त्यांनी पहिला प्रश्न विचारला, हिंदीत. गार्गीचा चेहरा कोरा. आणि मी तिथून, कपाटापाशी उभी राहून, आवाज न करता, ओठांनी म्हणाले: तुला काय आवडतं?
ठरवून नाही केलं. रोजचंच आहे ते. दुकानात, लग्नात, डॉक्टरकडे मी हेच करते.
"चित्र काढायला," गार्गी म्हणाली. मॅडम हसल्या. दुसरा प्रश्न. मी पुन्हा. घरी कोण कोण? तिसरा. सात अधिक आठ? नाशिकला काय आहे? तिची नजर मॅडमच्या खांद्यावरून जेमतेम इंचभर वर. तिचं मराठी मॅडमना कळत होतं. सहाव्या प्रश्नाला मला ठरवून थांबता आलं असतं. नाही थांबले. जिंकत होतो आम्ही.
मॅडम सं.ला आत बोलावून म्हणाल्या, "बच्ची तो बहुत होशियार है. मैं सोच रही थी हमारी अहमदाबाद वाली ब्रांच में भेजूँ, वहाँ ऐसे बच्चों के लिए स्पेशल टीचर है, साइन भी सिखाती है. लेकिन इसको ज़रूरत नहीं."
सं.ने त्यांना वाकून नमस्कार केला. मी तेव्हा फाइल उचलत होते.
बाहेर उसाचा रस प्यायलो. गार्गीने अर्धा ठेवला.

११ मे
सं.ला सांगितलं नाही. तो घर ठरवून आला, शाळेपासून दोन गल्ल्या. सगळ्यांना फोनवर सांगतोय, गार्गीने हिंदीत इंटरव्ह्यू दिला. माझ्या भावाने पेढे आणले. गार्गीने एक खाल्ला, माझ्याकडे बघत.

२१ मे
गार्गीचा दाखला काढला. रजिस्टरला तिच्या नावावर लाल रेघ मारली. माझ्यासमोर मारली. क्लार्कला म्हटलं, जागा राहील का थोडे दिवस? म्हणाला, वेटिंगवाल्यांना कालच फोन गेले.
वर्गशिक्षिका पाटील बाई गेटपर्यंत आल्या. चार वर्षांत या बाई फळ्याकडे तोंड करून एक शब्द बोलल्या नाहीत. आधी लिहायचं, मग वळायचं, मग बोलायचं. एक फुलस्केप दिला, नव्या शिक्षिकेसाठी. पहिल्या बाकावर, खिडकीकडे पाठ करून बसवा, म्हणजे उजेड बोलणाऱ्याच्या तोंडावर पडेल. चालता चालता शिकवू नका. दुसऱ्या मुलाने उत्तर दिलं की त्याच्याकडे बोट करा, नाहीतर ती शोधत राहते. कळलं का विचारू नका, ती हो म्हणते. काय कळलं ते विचारा.
सुंदर अक्षर. हा कागद तिकडे द्यायचा म्हणजे इंटरव्ह्यू खोटा होता हे सांगायचं. आणि नाही द्यायचा म्हणजे... पर्समध्ये ठेवलाय.

२९ मे
सांगितलं सं.ला. माळ्यावरची भांडी उतरवत होता, तिथेच शिडीखाली उभं राहून सांगितलं. म्हणजे मला त्याचं तोंड दिसत नव्हतं.
तो खाली उतरला. "म्हणजे तिला काहीच कळलं नव्हतं?"
"एक शब्द नाही."
"मग ती दिवसभर त्या वर्गात काय करणार?"
हो म्हणणार, म्हटलं मी. सगळ्याला हो म्हणणार.
त्याने दोन भांड्यांचे कागद उलगडले. मग म्हणाला, "फोन कर. मॅडमना सांग. अहमदाबादला घेतील. मी निघेन पहाटे चारला."
म्हटलं, पाच वर्षं झाली हो, मी तिला इतर मुलांसारखी करतेय. तिथे घालायची म्हणजे हात शिकवायचे. सगळं फुकट गेलं म्हणायचं.
"तिचं फुकट जातंय का तुझं?" रागाने नाही म्हणाला. रागाने म्हणाला असता तर मला भांडता आलं असतं.

१ जून
फोन लावला. रिंग गेली. ठेवला.
ब्रांच बदलायची असेल तर दहा तारखेपर्यंत, असं त्यांच्याच कागदावर छापलंय.

३ जून
पुन्हा लावला. शिपायाने घेतला. मॅडम राउंडला आहेत. काय काम? मी म्हटलं, युनिफॉर्मचं विचारायचं होतं.
मी खोटारडी आहे हे एवढ्या वर्षांत मला माहीत नव्हतं. भित्री आहे हे माहीत होतं.

५ जून
अथर्वला पिंपळगावला सोडून आलो. निघताना त्याने गार्गीसमोर उभं राहून, सावकाश, ओठ पूर्ण हलवत म्हटलं, "रोज व्हिडिओ कॉल. उजेडात बस." तिने अंगठा दाखवला आणि लगेच माझ्याकडे बघून हात खाली केला.
गाडीत मी तिचा हात धरून वर केला. चालतं, म्हटलं. हाताने पण चालतं. तिला कळलं नाही मी काय म्हणतेय. कळलं असेल, विश्वास बसला नसेल.

७ जून
उद्या सकाळी ट्रक. घरात खोकी. आज सकाळचे पावणेआठ वाजलेत.
सात वाजता नवा युनिफॉर्म घालून बघितला गार्गीने. स्कर्ट ढगळ आहे, कमरेला टाके घालावे लागतील. मी तोंडात टाचण्या धरून खाली बसले होते. तिने माझी हनुवटी वर केली. मी टाचण्या काढल्या. तोंडात काही असलं की तिला वाचता येत नाही.
"पाचवीच्या वर्गात कपाट आहे?" तिने विचारलं.
"कुठलं कपाट?"
"बाईंच्या मागे."
म्हटलं, माहीत नाही गं. कशाला हवंय?
"मग तू कुठे उभी राहशील?"
अगदी साधं विचारलं तिने, डबा कोणता देशील म्हणून विचारावं तसं. इतके दिवस ती गप्प होती ते घाबरून नव्हे. ती धरूनच चालली होती की मी येणार, रोज, सगळ्या तासांना.
मी उत्तर द्यायला तोंड उघडलं. ती माझ्या ओठांकडे बघत राहिली.
शाळेचं ऑफिस आठला उघडतं. पाटील बाईंचा कागद आणि फोन समोर काढून ठेवलाय. गार्गी अजून युनिफॉर्ममध्येच बसलीय, एका बाजूच्या टाचण्या लावायच्या राहिल्यात.