पोच्यापर्यंत तूप

माय, पेल्याचा पोचा काठापासून किती खाली होता? दोन बोटं की तीन? एवढंच सांग, बाकी सगळं आठवतं मला. पितळेचा पेला, पडून पडून एका अंगानं चेपलेला. मैदा तू काठोकाठ भरायचीस, तळहातानं सपाट करायचीस. साखर त्याच्या निम्मी. आणि तूप पोच्यापर्यंत, थेंबभर वर नाही. मग डबा घेऊन आपण मोर्णा नदीच्या पुलावरून जुन्या शहरातल्या बेकरीत जायचो, त्यांच्या भट्टीत आपली नानकटाई भाजून आणायला. बेकरीवाला चाचा विचारायचा, "अम्मा, वजन करूं क्या?" तू म्हणायचीस, "तुह्या काट्याले काय समजते रे बावा, माहा पेला हाय ना!" परतताना मी शाळेतली कविता म्हणत, डब्याच्या झाकणावर बोटांनी मात्रा मोजत चालायचो. लघु, गुरु, लघु. झाकण चटका द्यायचं.

तुझी सून पंधरा दिवसांपासून जेवत नाही, माय. घास तोंडात फिरवते आणि बाहेर काढते. डॉक्टर म्हणतात, काहीही द्या पण पोटात जाऊ द्या, असं फार दिवस चालणार नाही. परवा तिनं आपणहून मागितलं, "सासूबाईची नानकटाई करता का जी?" तेव्हापासून मी ओट्यापाशी उभा आहे. ग्रॅमचा काटा आणला, ओव्हन आणला. पहिली खेप पापडासारखी पसरली. दुसरीचा हातातच भुगा झाला. तिसरी मला बरी वाटली. तिनं कोपरा चाखला, म्हणाली, "हे ते नोहे," आणि भिंतीकडे तोंड केलं.

अमरावतीला मास्तर म्हणून लागलो तेव्हा तुझ्यासाठी स्टीलची मापं आणली होती, दांड्यावर आकडे कोरलेली. "काहून रे, माह्या पेल्यानं तुह्यं काय घोडं मारलं?" म्हणत तू ती खिळ्याला टांगलीस, ती टांगलेलीच राहिली. पुढच्या सुट्टीत घरी आलो आणि पेला दिसेना. "तुलेच घासाले देल्ता ना मी?" तू सुनेला विचारतेस. लग्नाला वर्षही झालेलं नाही तिच्या. ती खाली मान घालून म्हणते, "माह्याच हातून हरवला असंल." ओसरीवर मी वह्या तपासतो आहे, सगळं ऐकतो आहे. त्यानंतर तू नानकटाई कधी केली नाहीस. माझ्या मापानं तर नाहीच.

आता चौथी खेप आत आहे. कपाला अडीच बोटांवर पेन्सिलीची खूण केली. बोटं माझी, जाड. तुझी किती बारीक होती. वास सुटलाय, ती आतून विचारते आहे, "झाली का जी?" माय, पेला मी भांडेवालीला मोडीत दिला होता, तुझ्या हातात माझी मापं यावीत म्हणून. तिला हे अजून सांगितलेलं नाही. ट्रे बाहेर काढला की सांगेन. सकाळपासून तीनदा असंच म्हणालो.