सातचा ठसा

४ फेब्रुवारी

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

तुमचा गुडघा बरा आहे आणि आईचा खोकला गेला, हे वाचून बरं वाटलं. पुढचं वाचून मात्र तेवढं बरं वाटलं नाही.

कर्नलसाहेबांच्या जुन्या लष्करी जीपसाठी मी पाटी लिहून द्यावी आणि तिच्यावर 'मूळ इंजिनासह' हे ठळक असावं, असं तुम्ही लिहिलंत. त्याच कागदाच्या मागे लिहिलंत की मूळ इंजिन फुटलंय, म्हणून दुधाच्या गाडीचं डिझेल इंजिन बसवतोय. एका कागदाच्या दोन बाजूंना दोन सत्यं मावतात, हे मला कॉलेजात तीन वर्षांत कोणी शिकवलं नाही.

संग्रहालयात माझं काम एकच आहे, वस्तूखालची चिठ्ठी लिहिणं. खरं काय ते चार ओळींत. आमच्याकडे फुटकं मडकं फुटकं म्हणूनच ठेवतात. जीपही तशीच उभी राहू द्या. युद्ध पाहिलेल्या गाडीच्या पोटात दूधवाल्याचं काळीज घालून ती जुन्या गाड्यांच्या मेळाव्यात मिरवायची, त्यापेक्षा ती गंजलेली बरी.

आणि कर्नल कसले? आयुष्यभर फर्निचरच्या दुकानात बसलेला माणूस, फार तर सोफ्यावर चाल करून गेला असेल. टोपी घातली म्हणून गाव कर्नल म्हणतं, आणि तुम्हीही.

पाटी मी लिहिणार नाही. रागावलात तरी लोभ मूळचाच ठेवा, तो दुसऱ्याचा आणून बसवता येत नाही.

तुमची,
मास्तरीण

१३ फेब्रुवारी

चि. मास्तरीणबाईंस,
अनेक आशीर्वाद.

मी चष्मा शोधेपर्यंत तुझं पत्र आईने मोठ्याने वाचलं. मग पुन्हा वाचलं, हसत. मला हसू आलं नाही.

गंजू द्या म्हणतेस. गंज तू चिठ्ठीवर लिहितेस, मी नखांतून काढतो. मूळ इंजिनाला दोन नंबरच्या सिलिंडरपासून खालपर्यंत तडा आहे, नख अडकतं एवढा. दोनदा सांधला, दोन्ही वेळा पाणी तेलात उतरलं. जी चालत नाही ती गाडी नव्हे, कपाट. आणि कपाटं कर्नलच्या दुकानात पुष्कळ आहेत.

दूधवाल्याच्या काळजाला हसू नकोस. ते इंजिन बारा वर्षं रोज वेळेवर निघालंय, एक दिवस रजा नाही. तुझ्या कचेरीत असा एक माणूस दाखव. ते जीपमध्ये बसवायचं म्हणजे चिठ्ठी चिकटवण्याइतकं सोपं नाही. त्याचा तेलाचा डबा पुढच्या आसाला टेकत होता, तो कापून उथळ केला. गिअरबॉक्सशी जोडायला लेथवर जाड प्लेट काढली. तिसऱ्या प्लेटची भोकं जुळली. पहिल्या दोन तुझ्या आईने दाराला अडसर म्हणून लावल्यात आणि आल्यागेल्याला कौतुकाने दाखवते.

आता खरं दुखणं ऐक. पाटी राहिली बाजूला. कर्नल म्हणतो, नव्या इंजिनावरचा नंबर घासून टाका आणि जुन्याचा ठोका. मेळाव्यात पारखी येतात, ते फक्त नंबर पडताळतात, जुळला नाही तर गाडी स्पर्धेतून बाद. नंबर ठोकला तर त्याच्या दोस्तांच्या तीन जुन्या गाड्या माझ्याकडे येतील. नाही ठोकला तर एकही नाही. गॅरेजात आज दोन स्कूटर आहेत आणि तिसरीची वाट बघतोय.

त्याला आजोबांचेच ठसे हवेत. आकड्यांचे ते पोलादी ठसे तुला आठवत असतील, वर हातोडा मारला की लोखंडावर आकडा उमटतो. त्यांची वळणं जुन्या कारखान्याच्या आकड्यांसारखी टोकदार आहेत. बाजारातले नवे आकडे गोलमटोल, पारखी लांबून ओळखेल. पण जुन्या नंबरात तीन सात आहेत, आणि आपल्या डब्यात सात नाही. पाचवीत असताना तू तो शाळेत नेऊन हरवलास. मी कर्नलला तेच सांगितलं. तो म्हणतो, शोधा.

तेव्हा तूर्त तुझ्या वेंधळेपणामुळे माझी अब्रू शाबूत आहे. सात असता तर मी काय केलं असतं, ते विचारू नकोस. मलाच ठाऊक नाही.

पुढच्या पत्रात शहाणपण कमी आणि खुशाली जास्त पाठव.

तुझा बाप,
मिस्त्री

ता. क. मी आई. ते चिडलेत, पण तुझं पत्र खिशात घालून फिरतात. तेलाचे डाग पडलेत त्यावर.

२२ फेब्रुवारी

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

मी खुशाल आहे. शहाणपण या खेपेला माझ्याकडेच कमी आहे, त्यामुळे पाठवायचा प्रश्न नाही.

आमच्या पहिल्या दालनात एक मोठी तोफ आहे. तिच्याखाली 'मूळ स्थितीत' अशी चिठ्ठी आहे, माझ्याच हातची. तुमचं पत्र आलं आणि मी प्रथमच वाकून तिच्या गाड्याखाली पाहिलं. चाकांत नवे कोरे स्क्रू. आमच्या सुताराला विचारलं तर म्हणाला, चाकं मीच केली, सहा वर्षं झाली. मी साहेबांकडे गेले, चिठ्ठी बदलू या म्हटलं. त्यांनी विचारलं, एवढं वाकून कोण बघणार आहे. पाच महिने मी न वाकता खरं लिहीत होते, बाबा. तुमच्या दूधवाल्याला हसायला मला तोंड नाही. चिठ्ठी मी बदलली आहे. साहेब अजून वाकलेले नाहीत.

दुसरी गोष्ट याहून वाईट आहे. सात हरवला नव्हता. माझा हजेरी क्रमांक सात होता. कंपासपेटी कोणी चोरू नये म्हणून झाकणावर सात ठोकायला मी तो नेला. पेटी चेपली. संध्याकाळी तुम्ही ठसे मोजलेत आणि मी घाबरून हरवला म्हणाले. मग तो डब्यात परत ठेवणं खरोखर हरवण्यापेक्षा अवघड होऊन बसलं. आजही तो त्याच पेटीत, माझ्या पिनांच्या खाली आहे. घरातली पहिली पदवीधर आणि पहिली चोर एकच निघाली.

तो इथेच राहू दिला असता तर तुमची अब्रू टिकली असती, पण माझ्या खोट्याच्या टेकूवर. म्हणून चिंधीत गुंडाळून पाठवते आहे. आता संच पुरा आहे. पुढचं तुम्ही ठरवा. मी पाटीबद्दल काही बोलणार नाही, तो हक्क मी गमावला.

जमलं तर माफ करा, नाही जमलं तर नुसती पोच द्या.

तुमची,
सात नंबर

९ मार्च

चि. चोरटीस,
अनेक आशीर्वाद.

ठसा पोचला. आईने पाकीट आणलं तेव्हा कर्नल समोरच स्टुलावर बसला होता. चिंधीतून सात निघाला तसा त्याचा चेहरा असा खुलला, जणू त्यालाच मुलगी झाली. मी हातोडा घेतला, त्याला उजेडातून बाजूला हो म्हटलं, आणि पितळेची एक पट्टी ऐरणीवर ठेवली.

अक्षरं खिळ्याने कोरली, आकडे आजोबांच्या ठशांनी ठोकले. जुन्या इंजिनाचा पुरा नंबर, तिन्ही सातांसकट, आणि पुढे 'तडा गेल्यामुळे काढले'. खाली नव्याचा नंबर आणि 'दुधाच्या गाडीचे'. पट्टी इंजिनावर बसवली. कर्नल म्हणाला, आत्ताच्या आत्ता काढा. मी म्हटलं, स्क्रू असते तर काढली असती, रिव्हेट मारलेत.

मग त्याने माझा, आजोबांचा आणि तुझ्या शिक्षणाचा उद्धार केला आणि रागारागाने जीप घेऊन निघाला. किल्ली अर्धी फिरवली तोच इंजिन लागलं. चढावर त्याची टोपी उडाली, तरी थांबला नाही. टोपी आईने आणून दाराच्या अडसराला घातली आहे.

त्या तीन गाड्या आता येत नाहीत. तिसरी स्कूटर मात्र आली, ब्रेकची आहे. फुटकं इंजिन कर्नलने इथेच टाकलंय. त्याच्यापुढे चिठ्ठी लावायची आहे. चार ओळींत, खरं काय ते. ती मात्र तू लिही, आणि आधी वाकून बघून जा.

माफीचं म्हणशील, तर तू डब्यात परत ठेवला नाहीस म्हणूनच मला ठरवायला एवढा वेळ मिळाला. पण बारा वर्षं मी एक आणि छिन्नीची रेघ जोडून कामचलाऊ सात काढतोय, जो पारख्यापुढे टिकला नसता, त्याचा राग आहेच.

येताना कंपासपेटी आण. झाकण ठोकून सरळ करून देतो. त्यावरचा सात घासणार नाही.

तुझा बाप,
मिस्त्री