आता छत लुकलुकत नाही

प्रिय आण्णा,

तुम्ही गेल्यावर पहिल्यांदाच लिहितेय. स्वयंपाकघरातली तुमची ट्यूब काढावी लागली, आणि पुढं काय करायचं हे विचारायला घरात कुणी नाही.

गेल्या आठवड्यात चोकमधून धूर आला. ट्यूबची पट्टी तर गंजून छतालाच चिकटली होती. म्हणून नवा एलईडी पॅनल बसवला. काय लख्ख उजेड पडला, आण्णा! आई भांड्यांकडं बघून म्हणाली, "आत्ता कळतंय, किती काळी झालीत ही!"

दुसऱ्या दिवशी दुपारी धाकटी मावशी बेल दाबून दाबून, दार ठोकून, परत गेली. आई आतच होती.

माझ्या जन्मानंतरच्या तापात आईचं ऐकणं गेलं, तेव्हा तुम्ही दारातल्या बेलचं बटण त्या ट्यूबला जोडलंत. तासगावात दिवसभर विहिरींच्या मोटारी दुरुस्त करायच्या आणि घरी येऊन हे उद्योग! बटण दाबलं की ट्यूब लागायच्या आधी चकचक करायची. आई गॅससमोर पाठमोरी असली तरी भिंतीवर तिला ते दिसायचं. तुमचं दाबणं एकदाच, लांब. माझं दोनदा, तुटक. "आली गं माझी पोरगी!" ती आतूनच ओरडायची.

तुम्ही गेल्यावर एकदा सिलिंडरवाल्यानं बटण लांब दाबलं. आई हातातलं पीठ तसंच घेऊन धावली. आण्णा, तिला आवरताना मला काय झालं असेल?

वायरमननं छताकडं बघून डोक्याला हात लावला. "ताई, आण्णांनी काय भानगड करून ठेवलीया! ह्यो पॅनल चकचक न्हाई करत. आन् बटण दाबून लगेच सोडलं तर लागतबी न्हाई."

"मग जुन्यासारखीच ट्यूब आणि चोक बसवा ना."

"कुटनं आणू? सांगलीपर्यंत इचारून आलो."

लुकलुकणारी तयार बेल मागवली. तिचा दिवा एवढासा! आई तिच्याकडं तोंड करून बसली तरच दिसतो. बीएस्सीला फिजिक्स घेतलं, घरातली पहिली पदवीधर म्हणून तुम्ही गल्लीत पेढे वाटलेत. आणि मला एक छत लुकलुकवता येईना!

सोमवारी मला साताऱ्याकडच्या शाळेत रुजू व्हायचंय. शिकलेल्यांनी खेड्यात शिकवायला जायला हवं, हे मीच सगळ्यांना ऐकवत होते. आता पाय निघत नाही. आईला एकटं कसं ठेवू?

तिनं तिच्यापुरता मार्ग काढलाय. भाजी, परात, सगळं घेऊन उघड्या दारात बसते. मी खुणेनं विचारलं, थंडीत काय करशील?

"शाल घेईन. तू जा. अगं, त्यांनी तुला घरात बसवायला शिकवलं व्हय?"

तुम्हीच का नाही मला ते जोडायला शिकवलंत, आण्णा? अभ्यास कर म्हणून, वायरी जोडायला चढायचात त्या स्टुलाजवळून का हाकललंत?

मी जाईन. सगळं ठीक करीन, असं वचन मला देता येत नाही. एवढंच देते: दर शनिवारी येईन, आणि ती पाठमोरी असेल तर खांद्याला हात लावून दचकवणार नाही. वळसा घेऊन तिच्या समोर जाऊन उभी राहीन, तिनं मान वर करेपर्यंत.

तुमची,
सुजू