गुळाचा खडा

ती. वन्सं,

तुमच्या सांगण्यावरून नवस बोलले, की समृद्धी वर्गात पहिली येईपर्यंत मी गोड खाणार नाही. ती दुसरी आली. तेव्हापासून पोरगी जेवताना माझ्याच ताटाकडं बघत बसते. आज म्हणाली, "आई, माझ्यामुळं तू पुरणपोळी कधीच खाणार न्हाईस का?" अन् उपाशीच उठली.

मला राहवलं नाही. तिच्यासमोर गुळाचा खडा तोंडात टाकला. "बघ, खाल्लं!"

वाटलं, हसेल. तिनं देव्हाऱ्याकडं बघितलं अन् माझ्या तोंडापुढं ओंजळ धरली. "आई, थुंक! देव आता मला काय करील?"

मला गूळ गिळवेना, थुंकवेना.

हे पत्र टाकणार नाही, वन्सं. तुम्ही दुसरा नवस सांगाल, अन् मी भिऊन तोही बोलेन.

तुमची भावजय,
शिल्पा, अहमदपूर