तोंडाची कोरड

आई, तू गेल्यावर सगळे तुझ्या आजाराचं खापर मिश्रीवर फोडून मोकळे झाले, ते मला अजून पटलेलं नाही. पिंपरी पेंढारच्या आपल्या आळीत मिश्री लावत नव्हतं कोण? दात दुखला की मिश्री, पोट फुगलं की मिश्री. मग गाल तुझाच का सडला?

माझा संशय त्या पिशवी काढणाऱ्या डॉक्टरवर आहे. अंगावरून जास्त जातंय म्हणून बाबांनी तुला नेलं, तर त्यानं कॅन्सरची भीती घातली आणि पस्तिशीतच अंडाशयांसकट सगळं काढून टाकलं. बाबांनी न वाचता सही केली. त्यानंतर तू चुलीपुढे बसून म्हणायचीस, "तोंड लई कोरडं पडतंय गं, नुसती आग आग. मिश्री धरली की जरा बरं वाटतं." सकाळची मिश्री मग दिवसभर गालात राहू लागली. तव्यावर तंबाखू काळी होईस्तोवर भाजून तुझी डबी मीच भरायचे. ठसका लागायचा, तरी भरायचे.

परवा नारायणगावला दातांच्या डॉक्टरीणबाईंना खोदून खोदून विचारलं. त्या म्हणाल्या, बायकांचे हार्मोन अकाली गेले तर तोंड कोरडं पडतं, आग होते. तोंडाच्या कॅन्सरमध्येही हार्मोन जाण्याचा हात असेल, पण ते अजून नक्की कळलेलं नाही. "तंबाखूचं मात्र नक्की आहे," असं म्हणून त्यांनी माझ्याकडे रोखून पाहिलं. मला ते पाहणं आवडलं नाही. डॉक्टर डॉक्टरला सांभाळून घेणारच, सगळे एकाच माळेचे मणी.

पण मी तुझ्यासाठी गेले नव्हते गं. माझी पाळी जाऊन दोन वर्षं झाली, आणि आता गालाच्या आत पांढरा चट्टा आलाय, तुला आला होता तिथेच. तुकडा काढून तपासायला सोमवारी बोलावलंय. मला फार भीती वाटते. हार्मोनमुळेच असेल, असं मी घोकत बसते. तसं असेल तर माझ्याकडे दोष येत नाही, तुझी डबी भरणाऱ्या या हातांकडेही येत नाही.

हे पत्र मी कुणाला दाखवणार नाही. कागद भरताना बाईंनी विचारलं होतं, मिश्री लावता का? सकाळीच लावून गेले होते. मी नाही म्हटलं, आणि त्यांनी तसंच लिहून घेतलं.