बर्फातून आलेलं रक्त

९ मार्च १९७६, विश्रामबाग
शकूचं रक्त आलं. शंकरराव औंधहून स्वतः घेऊन आले, फौजेतली सुट्टी संपत आलीय तरी. थर्मास मांडीवर धरून सगळा प्रवास. "आवं आक्का, तुमच्या चिठ्ठीपरमानं केलं. कराडला गाडी बदलली तवा बर्फ परत भरून घेतला." कौतुक वाटलं. धाकट्या बहिणीला नवरा चांगला मिळाला.
लॅबचे सर पुण्याला. ल्युपसची तपासणी एकटीनंच. सूक्ष्मदर्शकाखाली काचा बघून बघून मान अवघडली. ती आजाराची पेशी दिसली नाही. देवा, ती दिसू नये.

१० मार्च
पुन्हा सगळ्या काचा. नाही. रिपोर्ट टाइप केला, निगेटिव्ह.  शंकरराव पायाच पडायला निघाले, वेडे कुठले.

२ एप्रिल
शकूचं कार्ड. रिपोर्ट बघून साताऱ्याचे डॉक्टर म्हणाले, साधा संधिवात. ल्युपसच्या गोळ्या द्यायच्या होत्या, त्या दिल्या नाहीत. तिच्या सासूबाईंच्या मते गालावरचे लाल चट्टे उसाच्या पाल्यानं. शंकरराव ड्यूटीवर परत गेले. "तू बघितलंस म्हणून मी निर्धास्त हाय." अक्षर किती वाकडं झालंय तिचं.

१४ एप्रिल
आज इस्लामपूरहून एका पेशंटचं रक्त आलं, ल्युपससाठीच. सरांनी थर्मास उघडला आणि भडकले. "बर्फात? पांढऱ्या पेशी जिवंत हव्यात बाई! त्यांनी दुसऱ्या पेशीचं केंद्र गिळलं तर आपल्याला दिसणार. गारठल्यावर काय डोंबल गिळतील? दुसरं मागवा."
थर्मासला चिठ्ठी अडकवलेली. "रक्त बर्फातून आणावे." माझंच अक्षर. बाहेरगावच्या प्रत्येकाला हीच देते, किती वर्षं. शकूच्या वेळीही डोळे झाकून हीच पाठवली.
सर बघायच्या आत चिठ्ठी काढून घेतली. जेवणाचा डबा तसाच परत आणला.

१५ एप्रिल
औंधला तार केली. शकूला घेऊन या. कारण लिहिलं नाही.

२० एप्रिल
शकू आली, सासूबाईंबरोबर. पायांवर सूज, बोट दाबलं की खड्डा. चपला हातात घेऊन जिना चढली. "लय दमायला हुतंय गं आक्का." तिच्या दंडातून मीच रक्त काढलं. बर्फ नाही, काही नाही, थेट उबेच्या पेटीत. दोन तास.
तिसऱ्याच काचेवर दिसली. एक पेशी, पोटात दुसरीचं केंद्र, गुळगुळीत जांभळं. शेजारी आणखी एक. मग मोजायचं सोडलं.
लघवीची नळी तापवली. दह्यासारखं पांढरं. म्हणजे लघवीतून प्रथिन जातंय, मूत्रपिंडही बिघडलं. मार्चमध्ये तपासली असती तर? मार्चमध्ये असं असतं का? कुणाला विचारू.

२१ एप्रिल
गोळ्या सुरू. सरांनी काचा स्वतः बघितल्या. "मागच्या वेळी कुणी बघितलं होतं?" मी म्हटलं, मी. "होतं असं," म्हणाले. शकूच्या वेळच्या बर्फाचं त्यांना ठाऊक नाही, म्हणून म्हणाले. आपलंच रक्त आपल्या अंगावर उठतं असला हा आजार. आता रक्तातलं कॉम्प्लिमेंट नावाचं प्रथिन मुंबईला मोजायचं. फार घसरलं असेल तर मूत्रपिंडाचं अवघड.
चिठ्ठ्यांचा गठ्ठा फाडून टाकला. उपयोग काय आता.

२३ एप्रिल
मुंबईचं पार्सल बांधलं. हे मात्र बर्फातूनच न्यायचं, नाहीतर प्रथिन वाटेतच नासतं आणि आकडा खोटा येतो. शकू स्टुलावर बसून बघत होती.
"त्या बारीला बी बर्फातूनच आणलं हुतं की यांनी."
"व्हय."
"मग तवा काय न्हवतं, आन आता कुठनं आलं?"
थर्मासचं झाकण आवळत राहिले. आवळलेलंच होतं.   ती माझ्या हातांकडं बघत राहिली.
संध्याकाळी घरी आल्यावर शंकररावांना लिहायला बसले. "चिठ्ठी माझी होती" एवढंच झालंय. बिचाऱ्यांनी कराडला बर्फ परत भरला. पण आधी तिला सांगायला हवं. पत्रातनं नवऱ्याला कळावं आणि एका घरात असून तिला नाही?
शकू न्हाणीत आहे. पाण्याचा आवाज थांबला.