गप्प भरवलेले घास

न्युरेम्बर्ग, शनिवार

अहो आई,

हे पत्र टाकायचं धाडस मला होणार नाही, म्हणून खरं तेच लिहिते.

गेल्या वर्षी तुम्ही इथे होतात, तेव्हा अन्वीला वरणभात भरवताना "हा चिऊचा घास" म्हणायचात. "तिच्याशी मराठी नको, पाळणाघरात, त्या किटामध्ये, पोरीचा गोंधळ होतो," असं मी तुम्हाला तोडून बोलले. उरलेले वीस दिवस तुम्ही तिला गप्प बसून भरवलंत.

पुण्यात शिकलेलं स्पॅनिश कामी येतं, म्हणून हल्ली मी इथल्या पालकवर्गात दुभाषी असते. पेरू, कोलंबियाहून आलेले आईबाप येतात. आज येसेनिया नावाची एक आई लेकीशी मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये बोलत होती. वर्ग घेणाऱ्या बाई म्हणाल्या, "घरी आपल्याच भाषेत बोला. जर्मन ती किटामध्ये शिकेलच." हे स्पॅनिशमध्ये सांगायचं काम माझं! येसेनिया आधी रडली, मग लेकीला मांडीवर घेऊन भडाभडा बोलत सुटली. जाताना तिनं विचारलं, "तुम्ही घरी काय बोलता?"

"मराठीच की," मी चक्क खोटं बोलले.

घरी आले आणि वरणभात कालवला. "हा चिऊचा," म्हटलं. अन्वीनं घास गिळला, पुन्हा आ केला आणि अर्ध्या जर्मनमध्ये, 'आणि'ला 'उंड' म्हणत विचारलं, "उंड काऊचा?"

आई, ती विसरलीच नव्हती.

फोनवर माफी मागायला माझी जीभ रेटायची नाही. पण उद्या व्हिडिओ कॉलला मी वाटी घेऊनच बसेन. भरवते मी, बोला तुम्ही.

तुमची तोंडाळ सून,
ऋचा